दर दहा सेकंदांनी शुभेच्छा

एका दसऱ्याला मी सकाळी दहा ते पावणेबारा या वेळात ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या प्रत्येक हौशी बिनतारीवाल्याला दर दहा सेकंदांनी सहकुटुंब शुभेच्छा दिल्या. एकानेही उलट दिल्या नाहीत.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. मी डोंबिवलीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो आणि उरलेल्या वेळात हॅम होतो. म्हणजे परीक्षा देऊन, परवाना काढून, घरून बिनतारी संदेश पाठवायचे आणि समोरच्याने 'ऐकू आलं' असं म्हटलं की धन्य व्हायचं. (काय ऐकू आलं, याला महत्त्व नसतं.) त्यातला नवा प्रकार म्हणजे पॅकेट रेडिओ. आपण कॉम्प्युटरवर टाइप करायचं, ती अक्षरं हवेतून जायची आणि दुसऱ्याच्या पडद्यावर उमटायची. कॉम्प्युटर आणि रेडिओ यांच्यामध्ये एक कंट्रोलर बसतो. आमच्या घरात त्याला सगळे 'डबा' म्हणत, कारण तो जेवणाच्या डब्याएवढाच होता आणि माझ्या पगारातला तेवढाच भाग खाऊन आला होता.

हा डबा हुकमाचा ताबेदार. त्याला इंग्रजीत एकेक हुकूम टाइप करून द्यायचा. समजला तर तो निमूट ऐकतो. नाही समजला तर पडद्यावर 'एह?' असं लिहितो, बस्स. माझी बायको सुनंदा म्हणायची, "घरात तुम्हाला असं विचारणारी मी एकटी पुरे नव्हते का?"

आमचे गुरू म्हणजे वर्तकनगरचे देवधरकाका. निवृत्त इंजिनियर, वय सत्तरीकडे, आणि दोन वर्षं एकच ध्यास: ठाण्याहून डोंबिवलीला पॅकेटने संदेश गेला पाहिजे. मध्ये डोंगर आडवा येतो, त्यामुळे थेट जमत नव्हतं. एखाद्या उंच जागी तिसरा डबा ठेवायचा, त्याने इकडचं ऐकून तिकडे पुन्हा बोलायचं, एवढाच उपाय होता. उंच जागा होती डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला, म्हात्रेशेठच्या पाच मजली इमारतीची गच्ची. शेठ तिथले जुने जमीनवाले. त्यांनी सहा महिने काही न विचारता अँटेना उभी करू दिली. मग एक दिवस विचारलं.

"यो तुमचा डबा वरती बसून करतं काय, ते मना एकदा दाखवा. दसऱ्याला दाखवा. दिसलं तं ठेवा. नाय दिसलं तं काढून न्या, मना तिथं पान्याची टाकी बसवाची हाय."

गच्ची त्यांची, टाकी त्यांची, खाली पाण्यासाठी ओरडणारे भाडेकरूही त्यांचे. आम्ही काय बोलणार? ठरलं असं: दसऱ्याला सकाळी अकरा वाजता शेठ माझ्या घरी येतील, देवधरकाका ठाण्याहून संदेश पाठवतील आणि तो शेठच्या गच्चीवरून उडी मारून माझ्या पडद्यावर येईल. काकांनी मला एकच गोष्ट बजावली. "मधुकर, डब्याने काही गडबड केली तर रीस्टार्ट कर. रीसेट करू नकोस. रीसेट केलंस तर तो सगळं विसरेल, स्वतःचं नावसुद्धा."

दसऱ्याच्या दिवशी सकाळी आठ वाजता डब्याने गडबड केली आणि मी रीसेट केलं. (का केलं, हे मला आजपर्यंत बऱ्याच जणांनी विचारलेलं आहे. रीसेटला दोन अक्षरं कमी लागतात, हे एकच कारण मला देता येतं.)

डबा सगळं विसरला. मी पहिल्यापासून एकेक हुकूम भरायला बसलो. माझ्याजवळ माहितीपुस्तकाची झेरॉक्स होती, आणि झेरॉक्सवाल्याने प्रत्येक पानाची उजवीकडची बोटभर पट्टी खाल्ली होती. नाव भरलं. वेग भरला. मग आला 'बीकन' नावाचा हुकूम. डब्याने अधूनमधून आपण होऊन 'मी इथे आहे' अशी हाक द्यायची, ती हाक. हाकेत काय म्हणायचं ते आपण ठरवायचं. दिवस दसऱ्याचा, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत छान लांबलचक मजकूर टाकला: दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा, मधुकर आणि परिवार, डोंबिवली पूर्व. आता ही हाक किती वेळाने द्यायची? पुस्तकात लिहिलं होतं, 'बीकन एव्हरी, पुढे आकडा, एकक...' आणि तिथे पान संपलं होतं. एकक झेरॉक्सवाल्याकडे राहिलेलं. मी विचार केला, सभ्य माणसाने तासाला एकदा हाक मारावी. मी आकडा टाकला: एक.

तेवढ्यात आई पूजेचं तबक घेऊन दारात उभी राहिली.

आमच्याकडे दसऱ्याला घरातली सगळी अवजारं पूजेला बसतात. विळी, कात्री, शिलाई मशीन, माझे पाने-पक्कड. त्या वर्षी आईने डब्याचा मान ठेवायचं ठरवलं होतं. आणि आमच्या घरचा नियम असा की एकदा पूजेत बसलेल्या वस्तूला संध्याकाळी सोनं लुटून येईपर्यंत हात लावायचा नाही. मी आदल्या रात्रीच होकार दिला होता, कारण मी सगळा विचार केला होता! संदेश आपोआप पडद्यावर येणार. कुणी बोट लावायची गरजच नाही.

"बंद करतो मग पूजा कर," मी म्हटलं.

"बंद यंत्राची कसली पूजा? झोपलेल्या माणसाला कुणी ओवाळतं का? चालू असू दे. ते लाल दिवे किती छान दिसतायत!"

डब्याला गंध लागलं, रेडिओला झेंडूची माळ मिळाली, कीबोर्डवर आपट्याची पानं आली. कुंकू आत जाईल म्हणून मी हातापाया पडलो, तेव्हा आईने फक्त वरच्या आकड्यांच्या बटणांना कुंकवाचं बोट टेकवलं आणि अक्षरांना अक्षतांवर भागवलं. निरांजन ओवाळून झालं. सगळ्यांनी नमस्कार केला, मीही केला.

दहाच्या सुमाराला मी कौतुकाने पडद्याकडे बघत होतो. हिरव्या अक्षरांत माझीच शुभेच्छा आली, म्हणजे शेठच्या गच्चीवरच्या डब्याने ती ऐकून परत उच्चारली होती. वा! मग ती पुन्हा आली. मग पुन्हा आली. मी घड्याळ लावलं. दहा सेकंद. पुन्हा लावलं, पुन्हा दहा सेकंद. डब्याच्या लेखी एक म्हणजे एक तास नव्हता, दहा सेकंद होते. मी एकदा म्हणायचं, गच्चीवरच्या डब्याने तेच पुन्हा म्हणायचं, आणि त्याचं म्हणून होतंय तोवर माझी पुढची शुभेच्छा तयार. मध्ये तिसऱ्या कुणाला तोंड उघडायला जागाच नाही.

"आई, एकच ओळ टाइप करतो."

"संध्याकाळी कर." आई टेबलाशेजारी पाट टाकून पोथी वाचत बसली होती.

"अगं, संध्याकाळपर्यंत दोन-तीन हजार शुभेच्छा जातील!"

"जाऊ देत की. शुभेच्छाच आहेत ना? शिव्या तर नाहीत?"

इतक्यात खालच्या मजल्यावरच्या पेडणेकरकाकू धापा टाकत आल्या. इमारतीत फोन फक्त त्यांच्याकडे होता. "मधू, ठाण्याहून फोन आलाय. माणूस जरा तापलेला वाटतो."

मी खाली धावलो.

"मधुकर, शुभेच्छा पोचल्या," काका म्हणाले.

"तुम्हालाही काका, सहकुटुंब..."

"गप्प! मला चार जणांचे फोन आले. कल्याणचा एक जण विचारतोय, हा परिवार नक्की केवढा आहे? माझं एक अक्षर गच्चीपर्यंत पोचत नाहीये. बंद कर तो बीकन!"

"काका, डबा पूजेत बसलाय."

"अरे, पूजा आमच्याकडेही झाली," काका हळू आवाजात म्हणाले. "पण मी पूजेत स्क्रूड्रायव्हर ठेवला!"

हे मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

जिन्यावर मला दुसरी युक्ती सुचली. अँटेनाची वायर काढून चालणार नव्हतं. ऐकायची आणि बोलायची वायर एकच, मग काकांचा संदेशही आला नसता. पण डब्याला हात न लावता त्याची वीज घालवली तर? डबा बंद पडेल, पुन्हा चालू झाला की शहाण्यासारखा वागेल. मी मीटरच्या खोलीत जाऊन आमच्या घराचा फ्यूज काढला, वीसपर्यंत आकडे मोजले, परत बसवला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर आलो. कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला होता. (डोंबिवलीत वीज जायची सवय असल्याने ती व्यवस्था मी आधीच करून ठेवली होती.) डबाही सुरू झाला होता. दहा सेकंद गेले. दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा, मधुकर आणि परिवार!

तेव्हा मला आठवलं, की डब्यात बटणाएवढी एक बॅटरी आहे. वीज गेली तरी डब्याने काही विसरू नये म्हणून ती मीच दादरहून खास शोधून आणली होती. बसवली तेव्हा पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

"फ्यूज कुणी काढला?" सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली. "श्रीखंडाचा मिक्सर थांबला इथे!"

आणि बेल वाजली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. पांढरा सफारी घालून, हातात मिठाईचा पुडा घेऊन म्हात्रेशेठ आले होते.

"टेम्पोन टाकी आनून ठेवली हाय खाली मानपाड्याला," ते बसता बसता म्हणाले. "पलंबर बी बसलाय. बाराचे आत मुहूर्त हाय. दाखवा."

मी तोंड उघडायच्या आत पडद्यावर शुभेच्छा उमटली. शेठनी वाकून एकेक अक्षर लावत वाचलं. चेहरा उजळला. त्यांनी पडद्याला हात जोडले. "तुमाला बी, तुमाला बी! यो ठान्याशी आयलं?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण काकांची दोन वर्षं, टेम्पोतली टाकी आणि बसलेला प्लंबर हे सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं आणि माझी मान जराशी हलली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मी मुद्दामच ठरवलं नाही.

दहा सेकंदांनी शेठनी पुन्हा हात जोडले. मग पुन्हा. सहाव्या वेळेला नुसती मान डोलावली. दहाव्या वेळेला म्हणाले, "ठान्याचा मानूस लय हौशी दिसतं." बाराव्या वेळेला त्यांनी नाव नीट वाचलं. "मधुकर? मधुकर तं तुमीच ना?"

"ठाण्यातही असतात मधुकर," मी म्हटलं.

"डोंबिवली पूर्व लिवलंय."

त्याच क्षणी पेडणेकरकाकू पुन्हा दारात. "मधू, तो ठाण्याचा माणूस म्हणतोय, अजून त्याचं एकही अक्षर तुझ्याकडे आलेलं नाही, आणि बारापर्यंत नाही आलं तर तो अँटेना घेऊन कायमचा घरी बसेल. आवाज अगदी रडवेला झालाय रे त्याचा."

तेवढ्यात आणखी एक शुभेच्छा येऊन गेली.

"म्हनजे तुमीच बोलताव आन तुमीच वाचताव?" शेठ सावकाश म्हणाले. "त्यापरीस टाकी काय वाईट? तिच्यात पानी तरी येल."

मला खरोखर लाज वाटली. शेठना फसवायला निघालो होतो त्याची तर वाटलीच, पण त्याहून जास्त काकांच्या रडवेल्या आवाजाची वाटली. त्या माणसाने दोन वर्षं गच्च्यांवर चढून काढली होती, आणि मी दोन अक्षरांच्या आळसापायी त्याच्या कष्टांवर टाकी बसवणार होतो. मी सरळ उठलो आणि कीबोर्डकडे हात नेला.

"मधू!" आई.

"ओ साएब!" हा आवाज शेठचा. ते चक्क उभे राहिले होते. "पूजंतली वस्तू हाय ती! हात नाय लावाचा. आमी टॅक्टर उभा करतंव दसऱ्याला, शेतान पानी भरलं तरी हलवत नाय."

"शेठ, पण टाइप केल्याशिवाय ठाण्याचा संदेश येणारच नाही!"

"नाय तं नाय आला. टाकी बसवू. पन आईचे पूजंला हात नाय लावाचा."

आईने शेठकडे असं बघितलं, की जणू पोटी यायला हवा होता तो मुलगा आज भेटला. अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

सुनंदा श्रीखंडाचा चमचा हातात घेऊन दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "आई, सकाळी तुमचं अक्षरांना गंध लावायचं राहिलंय ना?"

"हो ना, हा लावू देईना."

"मग आता लावा. पूजा करताना तर हात लागतोच. कुठल्या बटणाला आधी लावायचं, ते हे सांगतील."

आईने शेठकडे बघितलं. शेठनी विचार केला. "पूजा जीन केली तिनं गंध लावाचा, ते चालतं," त्यांनी निकाल दिला.

आईने गंधाची वाटी घेतली आणि करंगळीशेजारचं बोट बुडवलं. (परवाना माझा, बोट तिचं. नियमांत बोटांबद्दल काही लिहिलेलं मला तरी आढळलं नाही.) आईला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. मी हात पाठीमागे बांधून लांबून सांगायला लागलो.

"खालच्या ओळीत डावीकडून पाचवं. हां. आता वरच्या ओळीत तिसरं. आता मधल्या ओळीत अगदी पहिलं..."

आई प्रत्येक बटणाला गंध लावायची, तोंडाने काहीतरी पुटपुटायची आणि हात जोडायची. मध्ये शुभेच्छा येऊन जायची. 'बीकन' झालं. 'एव्हरी' सुरू झालं.

"वरच्या ओळीत तिसरं."

"त्याला लावलं की मघाशी."

"पुन्हा लाव."

लावलं. पुढचं अक्षर झालं. "आता पुन्हा वरच्या ओळीत तिसरं."

"तिसऱ्यांदा? अरे, त्या एकालाच किती! शेजारच्यांनी काय पाप केलंय?" असं म्हणून आईने शेजारच्या दोघांनाही गंध लावलं.

"नको!" मी ओरडलो, पण ती हुकूम पाठवायच्या शेवटच्या मोठ्या बटणालाही गंध लावून नमस्कार करून मोकळी झाली होती. पडद्यावर आलं, 'एह?'

"काय म्हणतंय ते?" आईने विचारलं.

"म्हणतंय, पुन्हा लावा."

अकरा चाळीस. शेठनी खुर्ची पुढे ओढली आणि ते आईला बोटाने बटणं दाखवू लागले. आता आईला सवय झाली होती. बी, ई, ए, सगळी अक्षरं तिने बोटाच्या टोकाने अलगद टिपली, शेजाऱ्यांकडे ढुंकूनही न बघता. शेवटी आकड्यांच्या ओळीतलं शून्य, म्हणजे हाक बंद. त्याला सकाळचं कुंकू होतंच, वर गंध लागलं. मग मोठं बटण. आईने हात जोडले. आम्ही सगळ्यांनी जोडले, काकूंनीसुद्धा.

दहा सेकंद गेले. काही आलं नाही. वीस गेले. पडदा गप्प. इतकी छान शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती.

अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटांनी पडद्यावर एकेक ओळ उमटायला लागली. पाठवणाऱ्याची कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची ओळख, काकांची होती. 'मानपाड्याच्या म्हात्रेशेठना वर्तकनगरहून देवधरचा नमस्कार. तुमच्या गच्चीमुळे हे शब्द डोंगर ओलांडून आले. दोन वर्षं याची वाट बघत होतो.'

शेठनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. "माजा नाव," ते म्हणाले. "ठान्याशी माजे गच्चीवर गेला, आन तिथशी हितं आयला?" मग रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि पेडणेकरकाकूंना म्हणाले, "ताई, जरा फोन करतू. पलंबरला सांगतू, टाकी मागचे बाजूला बसव. वरती जागा नाय."

शेठनी श्रीखंड खाल्लं, आईच्या पाया पडले आणि गेले. अँटेना पुढे बरीच वर्षं त्या गच्चीवर राहिली.

मी काकांना फोन केला. ते काही वेळ नुसतेच 'आलं ना? नक्की आलं ना?' म्हणत राहिले. मग मी सगळी हकिकत सांगितली: गंध, शेजारची बटणं, एह. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पण तू तिच्याकडून अख्खा हुकूम का टाइप करून घेतलास? बी, ई आणि शून्य एवढं पुरतं. तीन बटणं."

हेही झेरॉक्सच्या त्या पट्टीवर असावं.

तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकांचा फोन यायचा. आधी आईची चौकशी, मग म्हात्रेशेठची. मग काका आईला फोन द्यायला सांगायचे आणि तिला विनंती करायचे, की यंदा डबा पूजेत बसवू नका, मधुकरला बसवा, आणि संध्याकाळपर्यंत हलू देऊ नका.

आईला ते पटलं. विळी आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये माझा पाट असतो.